निम्मा चालक, निम्मे यंत्र

मुंबईत चालकरहित मोटारींचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: आपल्या रस्त्यांवर असली गाडी चालेल का? फेरीवाले, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड आणि पावसाळ्यातले खड्डे यांची उजळणी होते, 'शक्यच नाही' असे ठरते आणि विषय हसण्यावारी जातो. मला स्वतःला हा प्रश्न तितकासा निकडीचा वाटत नाही. चालक नसलेली टॅक्सी अंधेरीत यायला बराच काळ जाईल. परंतु निम्मे काम स्वतः करणारी आणि उरलेले माणसावर सोपवणारी मोटार आपल्याकडच्या शोरूममध्ये केव्हाच विकली जाऊ लागली आहे, आणि तिच्याविषयी आपण जवळजवळ काहीच बोलत नाही.

या तंत्रज्ञानाकडून बाळगलेल्या अपेक्षा पोकळ आहेत, असे मुळीच नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ६४ टक्के दुचाकीवरील किंवा पायी चालणारी होती. म्हणजे मोटारीतील माणसाला वाचवणाऱ्या एअरबॅगपेक्षा, समोर कोणी आले असता वेळेवर ब्रेक लावणारे यंत्र आपल्या देशाच्या अधिक उपयोगाचे ठरू शकते. यंत्राला डुलकी लागत नाही, ते मद्य घेत नाही आणि मोबाइलवर आलेला संदेश वाचण्याचा मोह त्याला होत नाही. वेमो या अमेरिकी कंपनीच्या चालकरहित टॅक्सींनी केलेल्या सुमारे चार कोटी किलोमीटर प्रवासाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी चालकांच्या तुलनेत शारीरिक इजेचे विमादावे त्यात ९२ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यासात स्विस री ही विमाक्षेत्रातील कंपनी असली तरी खुद्द वेमोही सहभागी होती आणि गाड्या आधीच बारकाईने नकाशे तयार केलेल्या, निवडक शहरांत धावत होत्या, हे ध्यानात ठेवूनही हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मात्र वेमोच्या टॅक्सीत चालकाच्या आसनावर कोणीच नसते. आपल्याकडे विकली जाते ती दुसऱ्या पातळीची मोटार. शून्य ते पाच अशा सहा पातळ्यांच्या प्रचलित वर्गीकरणात दुसरी पातळी म्हणजे गाडी वेग सांभाळील, लेन सांभाळील, पुढच्या वाहनापासून अंतर राखील. परंतु लक्ष सदैव माणसाचे हवे आणि दायित्वही त्याचेच. खरी अडचण इथेच आहे. क्वचितच चुकणाऱ्या यंत्रावर अखंड नजर ठेवणे हे काम गाडी चालवण्यापेक्षा कठीण आहे, कारण हाताला काही काम नसताना मन जाग्यावर राहत नाही.

मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेंपी शहरात उबरच्या चाचणी मोटारीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती मरण पावली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासातील तपशील आजही वाचण्यासारखे आहेत. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला काहीतरी दिसले होते. परंतु ते वाहन आहे, अनोळखी वस्तू आहे की सायकल, हा निर्णय ती पुनःपुन्हा बदलत राहिली, आणि झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यता तिच्या रचनेत धरलेलीच नव्हती. (हे वाचताना दादर स्थानकाबाहेरचा कोणताही सायंकाळचा तास आठवावा.) मूळ गाडीत असलेली आपत्कालीन ब्रेकची सोय संगणकाच्या ताब्यात असताना बंद राहील अशी व्यवस्था होती. देखरेखीसाठी बसवलेली चालक फोनच्या पडद्याकडे पाहत होती. पुढे कंपनीवर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. शिक्षा झाली ती त्या चालकाला, तीन वर्षांच्या परिवीक्षेची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची.

आता हे चित्र मुंबईत ठेवून पाहावे. माझ्या भाच्याच्या नव्या मोटारीतून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जाताना असे लक्षात आले की लेनचे पट्टे जिथे पुसले गेले आहेत तिथे यंत्रणा गुपचूप माघार घेते आणि पट्टे दिसू लागताच परत कामाला लागते. या ये-जा करण्याची सूचना पडद्यावरच्या एका छोट्या चिन्हापुरती असते. पुढच्या गाडीशी यंत्राने राखलेले सुरक्षित अंतर म्हणजे रिक्षावाल्याच्या दृष्टीने सरळसरळ आमंत्रण असते. तो आत घुसतो, गाडी करकचून थांबते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तसे थांबण्याचे कारणच दिसलेले नसते. इथला पादचारी हात दाखवून, चालकाच्या नजरेचा अंदाज घेऊन पाऊल टाकतो. त्या वेळी स्टिअरिंग कोणाच्या ताब्यात आहे, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नाही. दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मज्जाव असलेल्या अटल सेतूवर हीच मोटार सुरेख चालते, पण सेतू शिवडीला संपतो आणि वीसेक किलोमीटर आरामात बसून आलेल्या माणसाला तिथल्या वाहतुकीत एकाएकी जागे व्हावे लागते.

मुंबईत असंख्य कुटुंबांची मोटार पगारी ड्रायव्हर चालवतो. यंत्रणा विकत घेतली मालकाने, चालू ठेवायला सांगितली मालकाने, घडवली कंपनीने. पण माणूस दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस प्रथम हात घालणार तो चाकामागे बसलेल्या ड्रायव्हरला. टेंपीत जे घडले ते इथे अधिक सहजपणे घडेल. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यान्वये, मान्यताप्राप्त वाहन स्वतः चालत असतानाच्या वर्तनाची जबाबदारी आसनावरील व्यक्तीवरून काढून कंपनीकडे नेण्याची तरतूद केली आहे. मात्र तो कायदाही दुसऱ्या पातळीच्या गाडीला लागू पडत नाही.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन, चालकरहित मोटारींना भारतात येऊ देणार नाही असे सांगितले. रोजगाराची ही चिंता मला रास्त वाटते. तथापि, ज्या गाड्यांत चालक आहे त्याच गाड्यांतून त्याचे काम थोडेथोडे काढून घेतले जात असताना त्याच्या डोक्यावरचा दोष तेवढा तसाच राहतो, याला या बंदीत काही उत्तर नाही. निदान एवढे तरी तातडीने व्हावे की अपघाताच्या क्षणी कोणती यंत्रणा चालू होती, तिने केव्हा माघार घेतली आणि चालकाला किती सेकंद आधी सूचना दिली, याची नोंद प्रत्येक अशा मोटारीत सक्तीने ठेवली जावी, आणि ती पोलिसांना, विमा कंपनीला व खुद्द त्या ड्रायव्हरला कंपनीची मनधरणी न करता मिळावी.