एका मेणबत्तीचं परमिट

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराबाहेर गाड्यांच्या सुट्या भागांचा एक कारखाना आहे, तिथली सेफ्टी मी बघतो. पेंट शॉपमध्ये थिनरची पिंपं भरलेली असतात, त्यामुळे कारखान्यात उघडी ज्योत पेटवायची नाही, हा नियम मीच लिहिलेला. गेल्या वर्षी २८ ऑक्टोबरला तोच घेऊन मला उभं राहावं लागलं.

दिआ दे मुएर्तोसची, म्हणजे मृतांच्या सणाची तयारी झाली होती. १ नोव्हेंबरला लहानपणी गेलेली मुलं घरी येतात आणि २ तारखेला मोठी माणसं, म्हणून त्यांच्यासाठी ओफ्रेंदा, म्हणजे नैवेद्याची आरास मांडतात. आपल्याकडे पान वाढून ठेवतात, त्याच मायेनं. कँटीनमध्ये टेबलांच्या पायऱ्या रचून, कातरकाम केलेले रंगीत कागद टांगून ठेवले होते. मेणबत्त्या बॅटरीवरच्या. त्यावर कुणाची तक्रार नव्हती.

२८ला सकाळी पॅकिंगच्या दोन्या आल्या. दोन्या म्हणजे आपलं बाई. वय साठीचं, त्यामुळे कुणी नाव घेत नाही.

"इन्हे, आज दोनच्या आत मला एक खरी मेणबत्ती लावायचीय."

(इथे इंजिनिअरला सगळे इन्हेच म्हणतात.) मी म्हटलं, दोन्या, ओफ्रेंदा तर १ तारखेला आहे.

"ती बाकीच्यांची. अपघातात गेलेले आज येतात."

दोन्यांचं गाव वाकेचुला, पुएब्लाच्याच मुलखातलं. तिथे वर्षभरात गेलेल्या माणसासाठी पांढऱ्या साटिनचा, छताला टेकेल असा मजल्यामजल्यांचा ओफ्रेंदा बांधतात. फोटो समोर ठेवत नाहीत, आरशात बघायचा. आणि अपघाती गेलेल्यांना २८ ऑक्टोबरला, दुपारी दोन वाजता बोलावतात. आमचा एक फोर्कलिफ्ट ड्रायव्हर जुलैत मोटरसायकलवरून घरी जाताना गेला होता. त्याच्या बाप्तिस्म्याला दोन्यांनीच त्याला हातांत धरलेलं. त्या त्याच्या मादरीना, धर्माची आई.

"गावात त्याची आई लावणारच आहे," त्या म्हणाल्या. "पण दिवसातले दहा तास तो इथे असायचा. गाडी बघायला येईलच ना?"

बॅटरीच्या दिव्याबद्दल मी विचारलंसुद्धा नाही.

याआधी मी आठ वर्षं चाकणला होतो. खंडेनवमीला प्रेसना झेंडूचे हार घालायचे, समोर निरांजन लावायचं, आणि त्या निरांजनाचं परमिट दर वर्षी मीच फाडायचो. मग इथे नाही कसं म्हणू? वेल्डिंग-ग्राइंडिंगसाठी असतो तो हॉट वर्क परमिटचा फॉर्म काढला. कामाचं स्वरूप: 'उना वेला', एक मेणबत्ती. फायर वॉच, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा: माझं नाव. जागा शोधायला मात्र वेळ लागला. बॅटरी चार्जिंगपाशी हायड्रोजन, आत थिनर. शेवटी लोडिंग डॉकच्या बाहेरची भिंतीआडची कोपऱ्यातली जागा ठरली. त्याच्या फोर्कलिफ्टचा गॅस सिलिंडर काढायला लावला आणि ती ढकलत तिथे आणली. वाळूचा ट्रे ठेवला.

दोन्यांना कोपालचा धूपही जाळायचा होता. मी म्हटलं, दोन्या, आग एकच. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली.

फुलं सेंपासुचिलची, म्हणजे आपला झेंडूच. नावाचा अर्थ नावात्ल या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'वीस फुलं'. पोर्तुगीजांबरोबर हाच झेंडू इथून आपल्याकडे आला आणि दसऱ्याचा झाला. दोन्यांनी गेटपासून फोर्कलिफ्टच्या चाकापर्यंत पाकळ्यांची वाट घातली. ओंजळीतून सोडत, वाकून, मध्ये कुठे तुटली तर मागे जाऊन. वासावर माणूस येतो म्हणाल्या. सीटवर पाण्याचा ग्लास, लांबून येणाऱ्याला तहान लागते म्हणून, बशीत मीठ, आणि पान दे मुएर्तो, वर हाडांचे आकार असलेला गोल गोड पाव. स्टीअरिंगला फुलांचा हार घातला तेव्हा मला चाकणचा प्रेस आठवला, घसा दाटून आला.

दोन वाजता शिफ्ट बदलते. दोन्ही पाळ्या डॉकवर उभ्या राहिल्या. दोन्यांनी मेणबत्ती लावली, त्याला नावानं हाक मारली. मग बाकीच्या ड्रायव्हरांनी आपापल्या फोर्कलिफ्टचे हॉर्न वाजवले, सगळे एकदम, बराच वेळ. मी एक्स्टिंग्विशर धरून उभा होतो, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मेणबत्ती रात्री नऊच्या पुढे विझली. दोन्या घरी गेल्याच नव्हत्या, पिंपावर बसून होत्या. मी सांगितलं, ज्योत विझली तरी फायर वॉचनं अर्धा तास तिथेच थांबायचं, असा नियम आहे.

"चांगला नियम आहे," त्या म्हणाल्या. सीटवरचा पाव उचलून मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.