तुम्ही विचारलंत म्हणून: टॅक्समध्येच जातंय तर जास्त राबायचं कशाला?

जुलैमध्ये माझ्या ऑफिसच्या जिन्यात छत्र्यांचा ढीग पडलेला असतो, आमच्या बेळगावातल्या शहापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, आणि त्या छत्र्या झटकत वर येणारी निम्मी माणसं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "काय वो मॅडम, वर्षातले चार महिने सरकारसाठीच राबालोय की मी, मग जास्त काम करायचं तरी कशाला?" सीए होऊन २४ वर्षं झाली, २४ वर्षं मी "आधी सही करा" म्हणून टाळत आलेय. परवा एका लग्नात पंगतीत बसले, पानात मांडे पडले, आणि शेजारच्या डॉक्टरांनी तिथंही तेच काढलं. म्हटलं आता एकदा लिहूनच टाकू.

आधी ते चार महिने. इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये (सवलती सोडायच्या आणि कमी दर घ्यायचे ती पद्धत) वर्षाला ५० लाख करपात्र उत्पन्न असेल तर सेससकट, म्हणजे टॅक्सवरचा ४ टक्के उपकर धरून, टॅक्स होतो ११ लाख २३ हजार २००, म्हणजे साडेबावीस टक्के पण पूर्ण नाहीत. पावणेतीन महिने म्हणा. ३० टक्के फक्त २४ लाखांच्या वरच्या पैशाला लागतात, खरं "मी तीसच्या स्लॅबमध्ये गेलो" म्हणजे पहिल्या रुपयापासून तीस गेले असं डोक्यात बसलंय ते काही केल्या निघत नाही. चांगले शिकलेले लोक, एमडी, एमएस झालेले, त्यांच्याही.

तरी प्रश्न चुकीचा नाही. माणूस काम वाढवायचं का नाही ते ठरवताना वरच्या शेवटच्या रुपयाचाच विचार करणार, सरासरीचा कोण करतो. आणि त्या शेवटच्या रुपयातले सेस धरून ३१ पैसे जातात, २ कोटींच्या वर सरचार्ज (मोठ्या कमाईवर टॅक्सच्या वर लागणारा जादा टॅक्स) येऊन ३९ जातात. मग लोक काम कमी करतात का? मी पाहिलेलं सांगते.

माझे एक क्लायंट अ‍ॅनेस्थेटिस्ट आहेत, म्हणजे भूल देणारे डॉक्टर. स्वतःचं हॉस्पिटल नाही, फोन आला की या नाहीतर त्या ऑपरेशन थिएटरला जायचं, केसमागे पैसे. हे लोक ४४एडीए कलमाखाली रिटर्न भरतात, म्हणजे जमा झालेल्या रकमेच्या निम्मा नफा दाखवायचा, वह्या ठेवायची भानगड नाही, ऑडिट नाही, फक्त वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत हवी आणि त्यातली रोख ५ टक्क्यांच्या वर नको. त्या वर्षी फेब्रुवारीतच त्यांची जमा ७१ लाखांवर गेली. डॉक्टर ऑफिसात आले, माझ्या समोरच मोबाईल सायलेंटवर टाकला आणि म्हणाले, "साकु री (पुरे झालं हो) मॅडम, मार्च एंडपर्यंत सुट्टी." मला खरंच वाटलं की चला, पुस्तकात लिहितात तसा माणूस एकदाचा भेटला, टॅक्समुळं काम सोडणारा.

चार दिवस टिकलं. पाचव्या रात्री दोन वाजता एका सर्जनचा फोन, अर्जंट सिझर, दुसरं कोणी मिळत नाही. गेले. मला नंतर सांगत होते की मॅडम, सर्जनला एकदा नाही म्हटलं तर चालतं, दोनदा म्हटलं की तिसरा फोन दुसऱ्याला जातो आणि मग एप्रिलमध्येही तिकडंच जातो. मग त्यांनी काय केलं, केसेस सगळ्या केल्या आणि हॉस्पिटलवाल्यांना सांगितलं पैसे एप्रिलमध्ये द्या. आता गंमत बघा, हॉस्पिटलच्या अकाउंटंटनं मार्चमध्येच फी बुकात खर्ची टाकली, १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा टॅक्स, कापला, भरला, आणि जूनमध्ये माझ्या स्क्रीनवर ट्वेंटीसिक्स-एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या सरकारी पत्रकात, त्या नोंदी ओळीनं हजर. त्या जुळवताना माझ्याकडं आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करणाऱ्या पोरीचे दोन दिवस गेले. काम एक तासानंसुद्धा कमी झालं नाही हो, फक्त तारखा हलवायचा खटाटोप झाला.

हे आपल्या सीमेवरच्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. २०२५ च्या आधी महाराष्ट्रातून येणारा ट्रकवाला कागलपर्यंत टाकी रिकामी ठेवायचा आणि कोगनोळी ओलांडली की कर्नाटकातल्या पंपावर फुल करायचा, कारण तेव्हा डिझेल इकडं स्वस्त होतं, राज्याचा टॅक्स कमी होता. म्हणून तो गाडी कमी चालवायचा नाही, भरायची जागा बदलायचा. मोठ्या कमाईवाल्यांचं तसंच. कुणी बायकोच्या नावानं क्लिनिकचा अर्धा धंदा दाखवतो (आणि ती बिचारी खरंच बसत असली तरी तिला स्वतःचं पासबुक माहीत नसतं, यावर एकदा वेगळं लिहीन). उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फाउंड्रीवाला पैसा कंपनीतच ठेवतो, डिव्हिडंड काढतच नाही, कारण कंपनीला पंचवीस टक्क्यांच्या आसपास आणि अंगावर घेतला की स्वतःच्या स्लॅबनं. कुणाला अचानक शेतीची ओढ लागते, २०२० मध्ये कर्नाटकात शेतकरी नसलेल्यांनाही जमीन घ्यायची मोकळीक झाली तेव्हापासून जास्तच, आणि मग रिटर्नला उसाचं उत्पन्न असं येतं की मी विचारते, डॉक्टर, एकरी दीडशे टन? कुठलं बेणं लावलंत, आमच्या चिकोडीच्या मामाला पण सांगा की.

माझे सर, ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली, ते तर ९७.७५ टक्क्यांच्या काळातले. होय, खोटं नाही. १९७३-७४ ला २ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ८५ टक्के आणि त्यावर १५ टक्के सरचार्ज, अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. वरच्या शंभरातले हातात सव्वादोन रुपये. सर सांगायचे की तेव्हाही इथल्या रविवार पेठेतलं एक दुकान लवकर बंद झालेलं मी बघितलं नाही, फक्त वह्या दोन झाल्या, एक कच्ची, एक पक्की. टॅक्सचुकवेगिरी तपासायला सरकारनं नेमलेल्या वांच्छू समितीनं पण तेच लिहिलं होतं की एवढ्या दरानं लोक टॅक्स चुकवतात, आणि १९७४ ला चव्हाणांनीच वरचा दर ७७ वर आणला. पुढं कमी होत होत १९९७ ला ३० झाला. त्या पंचवीस वर्षांत पेठेत कोणी जास्त तास दुकान उघडं ठेवायला लागलं असंही सर म्हणाले नाहीत.

पण टॅक्समुळं खरंच काम सोडलेला माणूस मी एक बघितलाय, आणि तो श्रीमंत नव्हता. टिळकवाडीतले एक ट्युशनवाले सर, सगळा खर्च जाऊन वर्षाचे बरोबर १२ लाखांवर यायचे, तिथपर्यंत टॅक्स शून्य. रविवारची एक बॅच वाढवायची होती, वर्षाला ६५ हजार वाढणार होते. मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. १२ लाखांच्या जरा वर गेलं की मार्जिनल रिलीफ लागतो, म्हणजे जेवढं वर तेवढाच टॅक्स, म्हणजे ६५ हजारावर ६५ हजार, आणि त्यावर ४ टक्के सेस २,६००. शिकवायचं वर्षभर रविवारी आणि वर २,६०० खिशातनं घालायचे. सरांनी कॅल्क्युलेटर स्वतःकडं ओढून परत एकदा केलं, गणिताचे सर, मग म्हणाले, "मग मी रविवारी झोपतो." साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत ही अशी पायरी आहे. ५० लाखांवर सरचार्ज सुरू होतो तिथंही अशीच एक आहे, दीड लाखाच्या वर थोडी रुंद, खरं तिथला माणूस ती ओलांडून जातो, बारा-पंधरा दिवसांची मिळकत असते ती. सरांना ओलांडायला आणखी एक बॅच लागली असती.

आणि उलटंही झालंय. २०२५ च्या बजेटमध्ये स्लॅब बदलले, २४ लाखांच्या वरच्यांचे वर्षाला एक लाख दहा हजार वाचले. दर कमी झाला की हुरूप येतो म्हणतात. माझ्या एका बालरोगतज्ज्ञ क्लायंटनी ते वाचलेले पैसे बघितले आणि शनिवारची संध्याकाळची ओपीडी बंद केली. "तेवढेच तर मिळत होते तिथून, आता ते घरबसल्या मिळाले की." मुलगी कॅनडाला, घर झालेलं, आणखी कशाला हवं त्यांना.

सीमेचा विषय निघतोच म्हणून तेही सांगते, इन्कम टॅक्स दिल्लीचा, बेळगाव इकडं राहो नाहीतर तिकडं जावो, दर तोच. प्रोफेशनल टॅक्स तेवढा राज्याचा, आणि तोही दोन्हीकडं वर्षाला २,५००. कर्नाटकात पगारदारांना आधी २,४०० होता, २०२५ पासून फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे कापायला लागले, महाराष्ट्रासारखंच. एवढी एक गोष्ट तरी एक झाली.

आता माझं. मीही तीसवालीच, लपवून काय करू. दोन वर्षांपूर्वीपर्यंत महिन्यातले दोन रविवार हुबळीला सीएच्या मुलांना शिकवायला जायचे. लेक्चरचे ३,०००, टॅक्स आणि सेस जाऊन २,०६४, त्यात बसभाडं आणि धारवाडला चहा. एक दिवस मी जाहीर केलं की या टॅक्सपायी परवडत नाही, बंद. सगळ्यांना पटलं. नवरा तेवढा पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "टॅक्स माफ केला असता तरी गेली नसतीस, सकाळी सहाची बस आहे ती." आता तेच लेक्चर ऑनलाइन घेते, रविवारी दहाला, स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीतनं. ३,०००च देतात अजून, आणि कापून २,०६४च हातात येतात.