आंब्याच्या हंगामाला आलेलं जोडपं

६ ऑक्टोबर, कॅथरीन (उत्तर ऑस्ट्रेलियातलं गाव)

रविवार. आंबे भरायची शेड बंद. तरी पावणेपाचला जाग आलीच, आणि बरंच झालं, कारण सातनंतर कॅराव्हॅनचं छत असं तापतं की आत लोळत पडलं तर भाकरीसारखं दोन्ही बाजूंनी भाजून निघू. बाहेर कनातीखाली खुर्ची टाकून लिहिते आहे. नवरा पाण्याच्या नळीची गळती बघतोय. गेले तीन दिवस बघतोय.

सहा महिने झाले मेलबर्न सोडून. घर भाड्याने दिलं, जुनी एकोणीस फुटी कॅराव्हॅन घेतली आणि देशाच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्याने सरळ वर उत्तरेला आलो. साठवलेल्या पैशांवर वर्षभर नुसतं फिरता आलं असतं. पण दोघांनाही बघत हिंडणं दोन आठवड्यांवर झेपत नाही, हे युरोपच्या सहलीत कळून चुकलं होतं. म्हणून ठरवलं, काम मिळेल तिथे थांबायचं.

इकडे मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. दक्षिणेतली थंडी चुकवायला तेव्हा निवृत्त मंडळी गाड्यांना कॅराव्हॅन जोडून इथे येतात, आणि त्या सगळ्यांचे संडास-बाथरूम कोणीतरी धुवावे लागतात. मातारान्का गावाजवळ ते आम्ही धुतले. सात आठवडे. जागा आणि वीज फुकट, वर थोड्या तासांचा पगार. तिथले हिरवे बेडूक अजून स्वप्नात येतात. तळहाताएवढे, गुळगुळीत, कमोडच्या कडेखाली दडून बसलेले. पाणी सोडलं की दोन पाय लोंबतात आणि पुन्हा वर सरकतात. पहिल्या दिवशी मी किंचाळून नवऱ्याला बोलावलं होतं. शेवटच्या आठवड्यात "सरक रे बाबा" म्हणून ब्रश फिरवत होते.

मराठी मंडळातल्या मैत्रिणीने फोनवर फार आडवळणाने विचारलं, "अगं, तसं काही पैशांचं वगैरे नाही ना?" नाही म्हटलं. त्याने तिची काळजी आणखी वाढली असावी.

गाडी मागे घ्यायची विद्या मात्र दोघांनाही अजून आलेली नाही. इथे आलो त्या संध्याकाळी मी मागे उभी राहून वॉकीटॉकीवरून ओरडत होते, "डावीकडे घे, डावीकडे, अरे तुझी डावी!" आम्ही १८ नंबरच्या चॅनलवर होतो, आणि कॅराव्हॅनवाले सगळे त्याच चॅनलवर असतात हे विसरलो. कुठूनतरी एका म्हाताऱ्याचा आवाज आला. मराठीचा गंध नसलेल्या त्या माणसाने नवऱ्याला इंग्रजीत बजावलं, ती जे काही म्हणतेय ते कर बाबा.

९ ऑक्टोबर

चौथा दिवस शेडमध्ये. सकाळी सहाला पट्टा सुरू होतो. समोरून धुतलेला, देठ काढलेला आंबा येत राहतो आणि आम्ही निवडतो. डागी वेगळा, खरचटलेला वेगळा, बारका वेगळा. उरलेला सात किलोच्या ट्रेमध्ये. ट्रेमध्ये किती नग बसतात त्यावरून आकार ठरतो, सोळाचा, अठराचा, विसाचा. देशातले जवळपास निम्मे आंबे या नॉर्दर्न टेरिटरीत होतात. आधी डार्विनकडचे, मग कॅथरीनचे, आणि नाताळच्या सुमाराला पूर्वेला मरीबाकडचे. हंगाम असा सरकतो आणि त्याच्यामागे माणसं सरकतात.

इथला मुख्य आंबा केन्सिंग्टन प्राइड. क्वीन्सलंडच्या बोवेन बंदरातून एकोणिसाव्या शतकात भारतातल्या इंग्रज फौजेसाठी घोडे जायचे. त्या जहाजांबरोबर परतताना त्याची कोय इकडे आली, असं सांगतात. नवरा म्हणाला, "म्हणजे आपल्या आधी आलेला. याला व्हिसाही लागला नाही."

चव? मी रत्नागिरीची आहे, मला विचारूच नये. पण विचारलंच, तर हापूसच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. पायरीच्या वाटेने थोडं चालतो आणि मग थबकतो. रस भरपूर, किंचित आंबटसर, सालीशी टर्पेंटाइनसारखा वास. कडक असतानाच उतरवतात आणि शहरात गेल्यावर बंद खोलीत वायू सोडून पिकवतात. आढी नाही, पेंढा नाही. पहिल्या दिवशी मी पट्ट्यावरचा एक आंबा सवयीने नाकाला लावला, तर पलीकडच्या पोरी बघतच राहिल्या.

एक गंमत. कोयीच्या दोन्ही बाजूंनी कापलेल्या फोडीला इथे 'चीक' म्हणतात. गाल. सुपरवायझर परवा म्हणाली, या आंब्याचे चीक फार सुंदर असतात, आणि मी घाबरून हातमोजे शोधायला लागले.

१२ ऑक्टोबर

चीक लागलाच. आपला चीक. मनगटावर, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते त्या बोटभर पट्टीत. आधी खाज, मग लाल पुरळ, आज बारीक पाणी धरलेले फोड.

देठ मोडला की पहिल्या काही सेकंदांत चीक पिचकारीसारखा उडतो आणि त्यात तेलकट भाग जास्त असतो. तो सालीवर ओघळला की साल भाजून काळी पडते, आणि केन्सिंग्टनची साल यात फारच नाजूक. म्हणून इथे बागेत झाडांच्या ओळीतून एक अवजड यंत्र सावकाश चालतं. लोक त्याच्या दोन्ही अंगांना उभं राहून आंबे तोडतात आणि त्याच्या पन्हाळीत टाकतात, वरून साबणाच्या पाण्याचा फवारा चालू असतो. नवरा ते यंत्र ओढणारा ट्रॅक्टर चालवतो. बत्तीस वर्षं संगणकासमोर काढलेला माणूस ताशी एक किलोमीटरने ट्रॅक्टर हाकतो आणि संध्याकाळी मला त्याचं वर्णन अशा थाटात सांगतो की जणू विमान उतरवून आला.

आमच्याकडे बाबा देठ ठेवूनच आंबा काढायला लावायचे. झेल्याने अलगद ओढायचा, दोन बोटं देठ राहिला पाहिजे. देठ तुटला की "डागी गेला" म्हणून ओरडायचे. आंब्याला चीक लागू नये म्हणून किती जपणूक! काढणाऱ्याच्या हाताला लागतो हे मला आज, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या मनगटावर फुंकर घालताना सुचलं.

१९ ऑक्टोबर

अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. दुपारी ढग चढतात, काळेनिळे होतात, विजा दिसतात, आणि काही होत नाही. याला इथे बिल्डअप म्हणतात. लोक चिडतात, भांडतात, दारू जास्त पितात; या दिवसांतल्या वेडेपणाला 'मँगो मॅडनेस' असं नावच आहे. मृगाआधीची कोकणातली तगमग आठवते. फक्त ती आठ-पंधरा दिवसांची, ही दोन-दोन महिने चालते. काल मिठाच्या डब्यावरून आमचं भांडण झालं. डबा मीच खिडकीत ठेवला होता आणि त्याचा दगड झाला. एकोणीस फुटांत रागावून जायला जागा नाही. मी बाथरूमला म्हणून बाहेर पडले आणि अंधारात बराच वेळ वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, बघत उभी राहिले.

पगाराचंही लिहून ठेवते. आम्हाला आणणाऱ्या मुकादमाने पहिल्या आठवड्याचे चार तास कमी लावले होते. आधी म्हणाला चूक, मग म्हणाला ते तास शिकण्याचे. मी रोज किती वाजता पट्ट्यावर उभी राहिले आणि किती वाजता सुटले हे याच वहीच्या कडेला लिहिते. वही दाखवली. पुढच्या आठवड्यात पैसे आले. बागेत तोडणीला नगावर पैसे मिळतात, तरी २०२२ च्या एप्रिलपासून तिथेही तासाचा किमान पगार द्यावाच लागतो. कायदा आहे, पण वही हवी.

माझ्या शेजारी पट्ट्यावर पूर्व तिमोरची एक बाई असते. पस्तिशीची असेल. तिचे हात बघत राहावेसे. आंबा उचलताना एकदाच मनगट वळवते, तेवढ्यात चारही बाजू बघून झालेल्या असतात. मी दोनदा वळवते, तरी एखादा डाग निसटतो. ती हंगामी व्हिसावर आलेली, दोन मुलं तिच्या आईकडे. मला सुपरवायझर 'सू' म्हणते, माझ्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं तिला जमतं. तिलाही असंच काहीतरी तोडकं नाव दिलंय. आज जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, मेलबर्नला तुझं घर आहे? हो म्हटलं. गाडी तुझी? हो. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, मग इथे का?

मी प्रवास, अनुभव असं काहीतरी बोलले. तिने मान डोलावली आणि डब्यातला भात पुढे केला. मी तिला लिंबाचं लोणचं दिलं. "ओब्रिगादा," ती म्हणाली. तेवढा एक शब्द मला कळतो.

२० ऑक्टोबर

नितमिलुकला, म्हणजे कॅथरीनजवळच्या नदीच्या घळी बघायला, जाऊन आलो. नावाचा अर्थ रातकिड्यांची जागा, तेही झाडावर भर दुपारी कर्कश ओरडणाऱ्या किड्यांची. १९८९ साली ही जमीन इथल्या मूळच्या जावोइन लोकांना परत मिळाली. होडीतून दोन घळींमधून वर जाताना दोघंही काही बोललो नाही, आणि हे आमच्या बाबतीत क्वचितच होतं. संध्याकाळी गावातल्या गरम झऱ्यात पाय सोडून बसलो. वर लाल वटवाघळांचा लोंढा निघाला. वीस मिनिटं झाली तरी संपेना.

मनगट बरं आहे. दुसऱ्या हाताला सुरू झालंय.

२ नोव्हेंबर

पाडवा. शेड दुपारी दोनला सुटली. आंबा कमी होत चाललाय, आणखी दहा-बारा दिवस. सुटताना सुपरवायझरने डागी आंब्यांची पेटी दिली, रोजच देते. विकता येत नाहीत, पण कापून खायला उत्तम.

एका शेगडीवर रव्याचे लाडू केले. ओवाळायला बसलो तर पंखा चालू ठेवला की निरांजन विझतं आणि बंद केला की आम्ही वितळतो. शेवटी पंखा बंद, दोन मिनिटांत ओवाळणं उरकलं. त्याने ताटलीत पन्नासची नोट टाकली आणि तिच्याखाली केमिस्टकडची पुरळाच्या मलमाची ट्यूब. अठ्ठावीस तारखेलाच आणून टूलबॉक्समध्ये लपवली होती म्हणे. तिसाव्या पाडव्याची ओवाळणी. मी हसले, पण लावली लगेच.

मग भावाला फोन केला. इथल्या आणि तिथल्या घड्याळात बरोब्बर चार तासांचा फरक, तो जेवून उठला होता. पाऊस यंदा हटेना, मोहोर उशिरा येणार, तुडतुडे, फवारणी, सगळं सांगून झालं. तू काय करतेस तिथे, आंबे भरतेस? खो खो हसला. बाबा असते तर, म्हणाला, आणि पुढचं वाक्य सोडून दिलं.

मी विचारलं, "लग्नानंतर मी पहिल्यांदा मे महिन्यात आले होते, पंच्याण्णव साली, तेव्हा मांगरात एक नेपाळी जोडपं राहायचं. तो झाडावर आणि ती खाली आंबे वेचून पेटीशी आणायची. आठवतं? त्याचं नाव काय होतं?"

"बहादूर."

"ते सगळ्यांनाच म्हणायचो आपण."

"मग तेच ना. आत्ताही जे येतात त्यांना तेच म्हणतात."

ती आठवते मला. पाठीला बांधलेलं मूल, आणि हातांवर काळे-तांबूस चट्टे. मला वाटलं होतं, असतील जन्माचे. मी पडवीत बसून बरका आंबा चोखत होते आणि ती समोरून दहा वेळा गेली असेल. तिच्याशी मी एकही शब्द बोललेली आठवत नाही.

भावाला म्हटलं, बाबांच्या वह्या आहेत का रे? पोटमाळ्यावर आहेत, म्हणाला, सणासुदीचं काय काढलंस. तरी चढला. वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला. बाहेर तोवर एक-दोन मोठे थेंब कनातीवर पडले होते आणि थांबले होते. नवरा पेटीतला आंबा कापत होता.

"मिळाली. पंच्याण्णव. ऐक. 'बहादूर व बायको, हंगाम, दोघांचे मिळून.' पुढे रक्कम आहे."

"नाव?"

"नाही गं. एवढंच आहे. आणि खाली एक ओळ आहे. 'डागी आंबे दोन डझन दिले. हिशोबात धरू नयेत.'"