आमची वाटचाल : विजेच्या तारेतून नेटवर्क

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात ज्याने काम केलंय, त्याला आमचा धंदा का चालला ते सांगायला नको. भिंतीपलीकडे वायफाय जात नाही आणि मालक केसिंग-पट्टी मारू देत नाही. मग घरातल्याच विजेच्या तारांवरून (फेज-न्यूट्रल) नेट न्यायचं. आमचं दुकान मूळचं वायरिंगचं. होमप्लग एव्ही हे विजेच्या तारेतून नेट नेण्याचं मानक; एक प्लग राउटरजवळ, दुसरा हव्या त्या खोलीत. त्याचे २०० एमबीपीएसवाले प्लग आमच्या भागात आम्हीच आधी विकले. पहिली जोडी डॉक्टरकाकांनी घेतली. खाली दवाखाना, वर घर. प्रत्यक्षात साठ-सत्तर मिळाले, काका तेवढ्यावर खूश! पुढची काही वर्षं बरी गेली.

मग आमच्याच हाताखाली टेस्टर धरायला शिकलेल्या एकाने वेगळं दुकान थाटलं. भाव पाडून एक अख्खी सोसायटी घेतली. फ्लॅटना थ्री फेज. याने राउटर आर फेजवर ठेवला, बेडरूमचा प्लग वाय या दुसऱ्या फेजवर. एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्यावर नीट जात नाही. वर दोन्ही प्लग स्पाइक गार्डमध्ये, म्हणजे विजेचा झटका अडवणाऱ्या एक्स्टेंशन बोर्डात, खुपसले. त्याचा फिल्टर दोन ते अठ्ठावीस मेगाहर्ट्झचा सिग्नल चाळणीतल्या कोंड्यासारखा अडवतो, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखे फिरले की रेग्युलेटरच्या विद्युत गोंगाटाने उरलंसुरलं नेटही बंद. "तारेतलं नेट म्हणजे फसवणूक," असा व्हॉट्सॲपवर बोभाटा झाला, आणि नाव कुणाचं? आमचं! ऑर्डरी रद्द झाल्या, माल पडून राहिला, घरातलं सोनं गहाण पडलं. तेव्हा डॉक्टरकाकांनी दुसऱ्या दवाखान्याचं काम दिलं, पैसे आगाऊ. येणाऱ्या पेशंटलाही आमचाच नंबर देत.

शेवटी सोसायटीने आम्हालाच बोलावलं. मेन बंद केला, डीबी (वीज वाटणारी पेटी) उघडला, एकेक सर्किट शोधलं, मेन चालू करून क्लॅम्प मीटरने लोड पाहिला, मेन पुन्हा बंद केला आणि मगच दोन्ही खोल्या एका फेजवर घेतल्या. प्लग थेट भिंतीच्या सॉकेटात. त्याच रात्री नेट चाललं.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. प्लग एक्स्टेंशन बोर्डात लावू नका. प्लगवरचं पेअरचं बटण दाबून स्वतःची की, म्हणजे नेटवर्कचा गुप्त पासवर्ड, बनवाच. कारखान्यातून बरेचसे एकाच कीवर येतात, शेजाऱ्याचा प्लग तुमच्या नेटवर्कात शिरू शकतो. पुढच्या पिढीचे एव्ही२ मायमो प्लग घेणार असाल तर आधी अर्थिंग तपासा, ते अर्थच्या तिसऱ्या तारेवरही चालतात. आणि नवं घर बांधताय तर लॅनच्या (नेटच्या) केबलसाठी वेगळा पाइप टाका. आमचं गिऱ्हाईक जाईल, जाऊ दे.

त्या सोसायटीने दुरुस्तीचे निम्मे पैसे अजून दिलेले नाहीत. सेक्रेटरी म्हणतात, मूळ काम करणाऱ्याकडून घ्या.