शब्दावर बोला, नावावर गप्प राहा

"आम्ही काही तसले नाही, मुंबईला मोर्चाला जाणंही जमत नाही. मग गावात राहून आम्ही करायचं तरी काय?" समलैंगिक आणि ट्रान्स माणसांना साथ देऊ पाहणाऱ्यांकडून, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून हा प्रश्न सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आधी ते 'तसले' सोडा. गे, लेस्बियन, ट्रान्स हे शब्द आता वाडीतल्या पोरांनाही माहीत आहेत.

पडवीत गजाली रंगतात, कुणाच्या तरी चालण्यावरून 'बायल्या' निघतो आणि सगळे हसतात. बोलायचं ते तेव्हाच आणि एकच वाक्य: "हा शब्द माझ्यासमोर नको." लगेच विषय पावसावर, लावणीवर न्यायचा. व्याख्यान झोडलंत तर उद्यापासून तोच शब्द तुम्हाला लागेल. उलट प्रश्न ठरलेला असतो, "तुला का एवढं झोंबलं? तू पण त्यातलाच काय?" इथे बहुतेक जण घसरतात आणि "छे, मी नाही बाबा" म्हणतात. म्हणजे ती शिवीच आहे हे तुम्हीच कबूल केलंत. "असलो तर?" एवढं पुरे. आणि हे बोलताना कोपऱ्यात गप्प बसलेल्या पोराकडे बघू नका, सगळ्यांच्या नजरा तुमच्या नजरेमागून जातात. (दशावतारातल्या स्त्रीपार्टीला रात्रभर दाद देणारी हीच मंडळी. तो नट गे असतोच असं नाही आणि गे पुरुष बायकी असतोच असंही नाही, पण पडवीत सगळं एकाच टोपलीत.)

कुणी विश्वासाने स्वतःबद्दल सांगितलं, तर पहिला प्रश्न: आणखी कुणाला माहीत आहे? दुसरा: कुठे कोणत्या नावाने हाक मारू? मुंबईत एका नावाने वावरणारी ट्रान्स बाई (जन्मतः मुलगा मानली गेलेली) गणपतीला घरी आल्यावर जुनं नाव चालवून घेत असेल, तर तो तिचा निर्णय. तुम्ही उत्साहाने भर आरतीत नवं नाव घेतलंत, तर भोगायचं तिला. फोनमध्ये नाव काय ठेवायचं तेही विचारून घ्या, कारण स्क्रीनवर उमटलेलं नाव शेजारी बसलेली आई वाचते. आणि हो, "फक्त बायकोला सांगितलं" हेसुद्धा गुपित फोडणंच.

घरी कळलं की लग्न उरकायची घाई होते, नाहीतर 'बरं करायची'. देवाला गाऱ्हाणं घातलं तर घालू दे, त्यावर भांडू नका. मात्र कुणी डॉक्टर 'उपचार' सुचवू लागला, तर त्याच्या तोंडावर सांगा: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर समलैंगिकता 17 मे 1990 रोजीच आजारांच्या यादीतून काढली.

घर सोडायची वेळ आलीच, तर आधी वय बघा. 18 च्या आतल्या मुलाला पळायला मदत केलीत तर अपहरणाचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. तिथे 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करायचा. सज्ञान असेल तर आधार कार्ड, दाखले, पासबुक, चालू औषधं आणि चार्जर अशी पिशवी आधीच तुमच्याकडे राहू द्या. रिक्षा शेजारच्या गावातली बघा, आपल्या नाक्यावरचा रिक्षावाला तासाभरात घरी सांगतो. सणात कोकण रेल्वेच्या वेटिंग तिकिटाच्या भरवशावर राहू नका. घरचे हरवल्याची तक्रार देतात, म्हणून पोहोचल्यावर तिथल्या पोलीस ठाण्यात "मी सज्ञान आहे, स्वखुशीने आले" असं लेखी देऊन पोच घ्यायला सांगा. कुणी 377 ची, म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या कलमाची भीती घातली, तर सज्ञानांच्या संमतीने असलेला संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा नाही, आणि नव्या न्याय संहितेत ते कलमच नाही.

मागे राहतात आईबाप. कोकणात वाळीत टाकणं नवं नाही. त्याविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण कायद्याच्या आधी तुमचे पाय पोचायला हवेत. पुढच्या गणपतीत त्या घरी आरतीला जा, प्रसाद तिथेच बसून खा, आणि पोरीचं नाव तिच्या आईने काढलं तरच काढा.