भिंतीवरचे कपडे, पेटीतले कपडे

लक्सरला नाईल ओलांडून पश्चिम तीरावर आलं की बहुतेक गाड्या राजांच्या खोऱ्याकडे वळतात. आम्ही दोघी बहिणी मात्र आधी देर अल-मदिनाला उतरलो. प्राचीन इजिप्तच्या राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर या वस्तीत राहायचे. तुतनखामुनचं सोनं सगळ्यांना पाठ असतं. मला रोज कामावर जाणारा माणूस अंगात काय घालत होता ते बघायचं होतं.

सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात अरुंद, उभ्या पायऱ्यांवरून वाकून उतरावं लागतं. आत छोटी कमानदार खोली, भिंती पिवळ्याधमक. एका भिंतीवर तो आणि त्याची बायको इयनेफर्ती परलोकातल्या शेतात राबताहेत. तो विळ्याने गहू कापतोय, ती टोपली धरून मागे. शिवाय दोघं मिळून जवस उपटताहेत, आणि अंगावर काय, तर पांढरेशुभ्र चुण्याचुण्यांचे कपडे! ताई शिवणकाम करते, तिची नजर थेट तिथेच गेली. "अगं, हे घालून शेतात वाकून दाखव म्हणावं त्यांना," ती म्हणाली. रखवालदार बक्षिसाच्या आशेने बॅटरी मारत होता, त्याला आमचं हसू काही कळलं नाही.

आपण ज्याच्या बियांची चटणी करतो त्याच जवसाच्या खोडातून लिननचा धागा निघतो. रोप कापत नाहीत, मुळासकट उपटतात. त्याने धागा लांब मिळतो. कोवळं असताना उपटलं तर तलम सूत, पिकू दिलं तर जाडंभरडं, दोरांच्या कामाचं. या सुतावर रंग सहज बसत नाही. म्हणून कपडे पांढरे आणि रंगाची सगळी हौस दागिन्यांत.

ती हौस बघायची तर पश्चिम तीरावरच्याच नख्त नावाच्या लेखनिकाच्या थडग्यात रंगवलेली मेजवानी बघावी. बायकांच्या गळ्यापासून छातीपर्यंत पसरलेले मण्यांचे रुंद हार. असे हार इतके जड असायचे, की ते पुढे ओढले जाऊ नयेत म्हणून पाठीवर वजन लोंबतं सोडत. लाजवर्द हा गडद निळा दगड पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा, पिरोजा सिनाईतून. ज्यांना हे परवडत नव्हतं त्यांच्यासाठी फायान्स होतं: दळलेल्या गारगोटीच्या मण्यांवर तांब्यामुळे निळी-हिरवी झळाळी. खुद्द राजेही ते आवडीने घालायचे. डोळ्यांत काजळ बायकांच्या आणि पुरुषांच्याही. काळं शिशाच्या खनिजाचं, हिरवं मॅलकाइटचं.

या मेजवान्यांमध्ये पाहुण्यांच्या डोक्यावर शंकू दिसतात. हे खरे की नुसती चित्रकाराची खूण, यावर अभ्यासकांत खूप वाद झाला. अमार्ना या प्राचीन शहरातल्या साध्यासुध्या लोकांच्या दफनभूमीत दोन सांगाड्यांच्या डोक्यावर मेणाचे शंकू सापडल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे चित्रं अगदीच थापा मारत नव्हती.

पण चित्रांत बायकांचे कपडे अंगाला घट्ट चिकटलेले दिसतात, ते खरंच तसे होते का? त्याचं उत्तर मला इजिप्तमध्ये नाही, इटलीत मिळालं. नंतर एकदा मिलानला जाणं झालं, तेव्हा आगगाडीने तुरीन गाठलं. तिथलं इजिप्शियन संग्रहालय १८२४ चं. एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना १९०६ मध्ये त्याच देर अल-मदिनात खा आणि मेरित या जोडप्याचं चोरांचा हात न लागलेलं थडगं सापडलं. त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू इथे आहेत.

खा हा राजाच्या बांधकामांवरचा प्रमुख. त्याच्या कपड्यांत सुमारे ५० लंगोट निघाले. त्रिकोणी कापड, दोन टोकं कमरेला बांधायची, तिसरं पायांमधून पुढे घ्यायचं. सोबत अंगरखे, त्यात थंडीसाठी जाड वेगळे. बेत अगदी साधा: लांब कापड मधोमध दुमडायचं, गळ्याला छेद द्यायचा, बाजू शिवायच्या. चिकटण्याचा प्रश्नच नाही, चांगले ऐसपैस! ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "हे मी दुपारच्या चहाआधी शिवून देते."

बऱ्याच कपड्यांवर मालकाची खूण आहे, आणि मला तीच सगळ्यात आवडली. देर अल-मदिनात पाणी नव्हतं, गाढवांवरून आणावं लागे. धुणं धोबी नदीवर नेत. कुणाचे किती नग गेले याच्या नोंदी खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर सापडल्या आहेत. काहींवर तर अक्षरांऐवजी कपड्यांची चित्रंच काढलेली. खूण नसती तर खाचा अंगरखा शेजाऱ्याच्या अंगावर दिसला असता.

मेरितचा विग खऱ्या केसांचा, बारीक लाटा पाडलेला. तो ठेवायची उंच लाकडी पेटीही शाबूत आहे. दोघांच्या ममी कधीच उलगडल्या नाहीत, पण क्ष-किरणांनी पट्ट्यांखालचं दाखवलं: मेरितच्या गळ्यात रुंद हार, कमरेला मण्यांचा पट्टा, कानांत रिंगा. खाच्याही कानांत मोठ्या सोन्याच्या रिंगा आहेत, आणि गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ. अशी माळ राजा मर्जीतल्या अधिकाऱ्याला बक्षीस द्यायचा. लंगोट-अंगरखे खाच्या शेजारी सामानात ठेवले होते. ही माळ मात्र त्याच्या अंगावरच राहिली.