बडोद्यात न्यू वेव्ह वाजवायचं तर आधी ऑक्टापॅडवाला शोधा

न्यू वेव्ह पॉप (सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात गाजलेलं, सिंथ आणि सरळ ठेक्याचं पाश्चात्त्य संगीत) आणि इलेक्ट्रॉनिक आवाज एकत्र आणणारा स्वतंत्र रॉक बँड काढायचा म्हटलं की पहिले जमतात गिटारवाले. मग ड्रमकिट कुठून आणायचा, कुठे ठेवायचा, शेजाऱ्यांचं काय, यात सहा महिने जातात. बडोद्यात या क्रमाला काही अर्थ नाही. इथे नवरात्रीमुळे ऑक्टापॅडवर (काठ्यांनी वाजवायच्या आठ रबरी पॅडच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) तासन्‌तास ठेका न सोडणारे वादक तयार होतात, गणपतीत ऑर्केस्ट्राला कीबोर्ड वाजवणारेही भरपूर असतात, आणि न्यू वेव्हला नेमके हेच दोन लोक आधी लागतात. गिटार नंतर आली तरी चालते.

ऑक्टापॅड या संगीताला परका नाहीच. सिमन्स या ब्रिटिश कंपनीचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम १९८१ साली आले आणि न्यू वेव्हच्या बँडांनी ते उचलले. जपानी रोलँड कंपनीचा पहिला आठ पॅडचा ऑक्टापॅड १९८५चा. त्याला स्वतःचा आवाजसुद्धा नव्हता, तो मिडीच्या (यंत्रांनी एकमेकांना सूचना देण्याच्या पद्धतीच्या) तारेवरून दुसऱ्या यंत्राला वाजवायला लावायचा. आज गरब्याच्या मंचावर दिसणारे एसपीडी-२० आणि एसपीडी-३० त्याच घराण्यातले. फरक इतकाच की इथे त्यांच्यात ढोल, ढोलक, मंजिरा भरलेला असतो. एसपीडी-२० किंवा ३० असेल तर आतले इलेक्ट्रॉनिक किक, स्नेअर, टॉम आणि टाळी निवडून आठ पॅडवर नवी मांडणी करून घ्या. स्वतःचे नमुने (सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज) चढवायचे असतील तर एसपीडी-एसएक्स लागतो. त्याला फाइल १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ वेव्ह किंवा एआयएफएफ हवी. दुसऱ्या रूपातली फाइल दिली की ती घेतली जात नाही आणि ऐन वेळी पॅड मुका राहतो.

अडचण यंत्राची नसते, हाताच्या सवयीची असते. गरब्यातल्या हिंच ठेक्याच्या सहा मात्रांत वाढलेला हात सोळाव्या हिश्श्यांना (चार मात्रांच्या आवर्तनाच्या सोळा सारख्या भागांना) नकळत झोल देतो, दर चार आवर्तनांनी उठाव घेतो, तिहाईने सम गाठतो. गरब्यात तो प्राण आहे, इथे तो गाणं मोडतो. या संगीताचा ताण सरळ, न झुलणाऱ्या सोळा हिश्श्यांतून येतो. किक चारही मात्रांवर, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, हायहॅट आठव्या हिश्श्यावर, आणि कडवं संपेपर्यंत एकही जास्तीचा ठोका नाही. सराव असा करा: १२४च्या लयीला (मिनिटाला १२४ मात्रा) क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, लावा, चार मिनिटं फक्त एवढंच वाजवा, ते रेकॉर्ड करा आणि ठोके क्लिकच्या किती पुढेमागे पडले ते पडद्यावर बघा. स्नेअर सातत्यानं दहा मिलिसेकंद मागे पडत असेल तर चालेल, उलट बरं वाटतं. एकदा पुढे, एकदा मागे असं होत असेल तर मात्र सिंथच्या (सिंथेसायझरच्या) ओळीशी तो कधीच जुळणार नाही.

स्नेअरचा तो कापलेला, मोठ्या दालनासारखा आवाज म्हणजे गेट लावलेला रिव्हर्ब: रिव्हर्ब म्हणजे घुमणी, आणि गेट ती मधेच कापतं. १९८०च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ध्वनिअभियंता ह्यू पॅजम आणि ड्रमर-गायक फिल कॉलिन्स यांच्या कामातून तो पुढे आला. कृती सोपी आहे. दीड ते दोन सेकंदांचा दाट रिव्हर्ब घ्या, त्यामागे गेट लावा, गेट दोनशे मिलिसेकंद उघडं ठेवा आणि वीस-तीस मिलिसेकंदांत बंद होऊ द्या. हा आकडा लयीवर ठरतो. १२४च्या लयीत एक मात्रा ४८४ मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा २४२ची. रिव्हर्बची शेपटी त्या २४२च्या आत संपली की पुढचा ठोका स्वच्छ ऐकू येतो. लांबली की सगळं चिखल होतं आणि लोक बिचाऱ्या साउंडवाल्याला बोल लावतात. मंचावर हे गणित जुळवत बसू नका. प्रक्रिया केलेला स्नेअर नमुना म्हणूनच पॅडवर चढवा.

आता सिंथ. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला बहुधा स्टाइल वाजवणाऱ्या कीबोर्डवर तयार झालेला असतो. डाव्या हातानं कॉर्ड धरली की बेस, ड्रम, गिटार आपोआप सुरू. ती स्टाइल पहिल्या दिवसापासून बंद करा. या बँडमध्ये सिंथकडे एका वेळी एकच काम असतं: बेस, किंवा पॅड (इथे अर्थ मागे लांब धरलेला स्वर), किंवा छोटी धून. तिन्ही एकदम वाजली की एकही ऐकू येत नाही. बेससाठी एक सॉ लहर (करवतीच्या दातांसारखी) आणि तिच्याखाली एक सप्तक उतरलेली स्क्वेअर लहर, फिल्टर साधारण ४०० हर्ट्‌झच्या आसपास, थोडासाच रेझोनन्स, डिके (स्वर उतरायचा वेळ) २०० मिलिसेकंद, सस्टेन (धरलेल्या स्वराची पातळी) जवळजवळ शून्य. पॅडसाठी दोन सॉ लहरी, एकमेकींपासून सात-आठ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकवलेल्या, अटॅक (स्वर चढायचा वेळ) ३०० मिलिसेकंद, आणि २०० हर्ट्‌झखालचं सगळं कापून टाकलेलं. पॅडमध्ये फक्त सा आणि प ठेवा. गंधार कोमल की शुद्ध हे गिटारला किंवा गाणाऱ्याला ठरवू द्या. तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला हे लगेच पटतं, आणि कॉर्डची गर्दी निम्म्यानं कमी होते.

पट्टी ठरवताना गळ्याबरोबर स्पीकरचाही विचार करा. पांढरी तीनला बेसचा खालचा षड्ज ४१ हर्ट्‌झवर येतो. गरब्याच्या मैदानावर अठरा इंची सब (खालच्या स्वरांचे स्पीकर) असतात, तिथे तो छातीत बसतो. छोट्या हॉलमध्ये नुसते बारा इंची बॉक्स असले तर तो स्वर ऐकू येईनासा होतो आणि गाण्याचा पायाच जातो. पांढरी सहाला तोच षड्ज ५५ हर्ट्‌झवर येतो, तो बऱ्याच बॉक्सांतून निघतो. शिवाय गिटारच्या मोकळ्या तारा या पट्टीत छान वाजतात. गळ्याला झेपत असेल तर पांढरी सहा घ्या. नसेल तर बेसची ओळ एक सप्तक वर न्या. बेस गिटार आणि सिंथ बेस दोन्ही असतील तर १२० हर्ट्‌झखाली एकालाच राहू द्या. दोघांना तिथे ठेवलं की कधी एकमेकांत मिसळून दुप्पट, कधी एकमेकांना खाऊन शून्य, असा बेस वरखाली होत राहतो.

गिटारचं काम कमी आहे, पण नेमकं आहे. विकृती (डिस्टॉर्शन) नको, स्वच्छ आवाज हवा. आधी कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार कमी करणारा) चारास एक, मग कोरस (आवाज हलकासा हेलकावणारा), मग डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारा). कोरसची गती संथ ठेवा, सेकंदाला अर्धा ते एक हेलकावा. वेगानं फिरवला की आवाज आजारी वाटायला लागतो. ज्या कोरसला आपण या काळाचा रंग समजतो तो रोलँडच्या १९७५च्या जेसी-१२० अॅम्प्लिफायरमधला, आणि १९७६ साली रोलँडच्याच बॉसनं तोच पेडलमध्ये घातला. डिलेला टिंबवाली अर्धी मात्रा द्या, म्हणजे १२४च्या लयीला ३६३ मिलिसेकंद, दोन-तीनच पुनरावृत्ती. मग वरच्या तीन तारांवर साधे आठवे हिस्से वाजवले तरी सोळाव्या हिश्श्यांची जाळी तयार होते. लय बदलली की हा आकडा बदलायचा: ६०,००० भागिले लय, गुणिले पाऊण.

मराठी गायचं की इंग्रजी, हा प्रश्न बडोद्यात दरवेळी निघतो. आमचं मत स्वच्छ आहे, मराठी गा. या संगीतातलं गाणं सपाट, तुटक, जाहीर केल्यासारखं असतं, आणि अकारान्त शब्दांच्या शेवटी व्यंजनावर थांबणारी आपली भाषा त्याला बरोबर बसते. ‘वाट’, ‘दार’, ‘रात’, ‘ऊन’ हे शब्द ठोक्यावर टाच मारल्यासारखे पडतात. ध्रुवपदाच्या शेवटी मात्र आ, ए किंवा ओ येऊ द्या, म्हणजे तिथे स्वर लांबवता येतो आणि लोकांना सोबत गाता येतं. एक खास अडचण आहे. मराठीतला दंत्य च आणि झ, ‘चाक’ आणि ‘माझा’ मधला, माइकवर शिट्टीसारखा सुटतो. ‘माझी’ मधला तालव्य झ तितका त्रास देत नाही. आवाजावर कॉम्प्रेसर आणि वरून डिले असला की तो फुत्कार दोन-तीनदा परत येतो. माइक ओठांपासून आठ-दहा सेंटिमीटर आणि किंचित तिरका धरा, सहा-सात किलोहर्ट्‌झच्या आसपास डीएसर (असे फुत्कार दाबणारा) लावा, आणि डिलेच्या वाटेवर चार किलोहर्ट्‌झच्या वरचं कापून टाका.

लॅपटॉपवरून चालणारे भाग हीच या बँडची सगळ्यात नाजूक जागा. दोन आउटपुटचं इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी पेटी) असेल तर डावीकडे संगीत आणि उजवीकडे क्लिक, म्हणजे संगीत मोनो. चार आउटपुटचं मिळालं तर एक-दोनवर संगीत, तीनवर क्लिक आणि चारवर वेगळा बेस, म्हणजे हॉलप्रमाणे बेस कमीजास्त करता येतो. क्लिक ऑक्टापॅडवाल्याच्या कानात जाऊ द्या, इतरांनी त्याच्या मागे जावं. नुसते तयार भाग वाजवायचे असतील तर बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्‌झला ते साडेअकरा मिलिसेकंद होतात, पण वाजवून ठेवलेल्या आवाजाला उशिराचा त्रास नाही. लॅपटॉपमधला सिंथ प्रत्यक्ष वाजवायचा असेल तरच १२८, म्हणजे २.९ मिलिसेकंद. मिडी क्लॉक, म्हणजे यंत्रांना लय सांगणारा इशारा, एका मात्रेला २४ ठोके पाठवतं. तेवढ्यावर एक अर्पेजिएटर (कॉर्डचे स्वर आपोआप एकेक वाजवणारा) नीट चालतो. तीन यंत्रं एका मागोमाग जोडली की शेवटचं डगमगायला लागतं, म्हणून एकालाच क्लॉक द्या.

कार्यक्रमाआधी वायफाय बंद, सूचना बंद, स्लीप बंद, चार्जर लावलेला. आणि त्याच गाण्यांची संगीत-क्लिकची फाइल एका फोनमध्ये, तार जोडून तयार. ट्रॅक मधेच थांबला तर कोण काय करणार हे सरावातच ठरवा: ऑक्टापॅड थांबायचं नाही, गिटार त्या कडव्याची कॉर्ड धरून ठेवते, गाणारा पुढे जातो. ट्रॅक परत मधेच घुसवायचा प्रयत्न करू नका, तो समेवर कधीच येत नाही.

हमिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे कार्यक्रम त्यानंच बिघडतात. लॅपटॉपचा चार्जर जोडला की पन्नास हर्ट्‌झची घूं आणि तिच्या वरच्या पट्ट्या सुरू होतात, चार्जर काढला की थांबतात. लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असतात, दोन अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि तो फरक आवाजाच्या तारेतून वाहतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून, एकाच फेजवरून घ्या. लॅपटॉप आणि सिंथ दोन्ही डीआय बॉक्समधून (यंत्र आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायच्या छोट्या पेटीतून) द्या आणि ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. तीन पिनेची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नाही. त्यानं माइकला ओठ लागताच झटका बसू शकतो, आणि गिटार हातात असताना तो जिवावर बेतू शकतो. मंच लागला की मल्टिमीटरनं आधी मोजा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. त्याहून जास्त दिसलं, विशेषतः जनरेटरवर, तर इलेक्ट्रिशियननं दुरुस्त करेपर्यंत काहीही जोडू नका.

सरावाची जागा दांडिया बाजारच्या जुन्या घरातही होऊ शकते, कारण खरा ड्रम नाही. सगळ्यांचे आवाज मिक्सरमध्ये आणि तिथून हेडफोनवर. ऐकू जातो तो फक्त काठीचा रबरावरचा टपटप आवाज, आणि तो लाकडी तक्तपोशीतून खालच्या मजल्यावर हातोडीसारखा पोचतो. स्टँडखाली सतरंजी दुमडून त्यावर जुनी कापसाची गादी टाका, बराच फरक पडतो. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत जुन्या अॅनालॉग सिंथचे स्वर सरकतात. तो अर्धा तास आधी चालू करून ठेवा आणि मगच सुरात लावा. लॅपटॉप उन्हात ठेवू नका, तापला की तो स्वतःची गती कमी करतो आणि आवाज तडतडायला लागतो.

तारखा धरताना दोन गोष्टी. नवरात्रीच्या आधीचा महिना आणि त्या नऊ रात्री तुमचा ऑक्टापॅडवाला तुमचा नसतो, त्याचं वर्षाचं उत्पन्न तिथे असतं, त्याला अडवू नका. आणि लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो. आठ-नऊ गाण्यांचा संच पाऊण तासाचा होतो, साउंडचेक नीट करायचा तर दीड तास लागतो, म्हणजे संध्याकाळी सहाला तारा जोडलेल्या हव्यात.

हे सगळं परदेशातून उचलून आणलेलं आहे असं कोणी म्हणालं, तर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीनं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता, हे सांगा. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही रोलँडची तीन यंत्रं (ठेक्याचं, बेसचं आणि सिंथ) घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ती ध्वनिमुद्रिका नीट ऐका. ठेका जराही हलत नाही, बेस एकच ओळ फिरवत राहतो, आणि राग वरच्या मोकळ्या जागेत आलापासारखा चालतो. तुमच्या ऑक्टापॅडवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला पहिल्या सरावाआधी ती ऐकवा, मग क्लिक १२४ला लावा.